हेडफोनला बॅलन्स्ड केबल लावली की आवाज चौपट? त्या मेसेजला माझं उत्तर

निपाणीपासून खानापूरपर्यंत जेवढे म्हणून गाणी ऐकणाऱ्यांचे ग्रुप आहेत तेवढ्यांवर सध्या एक मेसेज फिरूलाय. मी मंडपाच्या साऊंडचं काम करतो म्हटल्यावर लोक तो मलाच पाठवतात आणि खाली लिहितात, "हे खरं काय हो?" सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मेसेज लांबलचक आहे, त्यातला माल एवढाच. वायरवाल्या हेडफोनची ३.५ ची (म्हणजे ३.५ मिलिमीटरच्या प्लगची, साधी) केबल काढून ४.४ ची बॅलन्स्ड केबल (डाव्या-उजव्या कानाला प्लगपर्यंत दोन-दोन वेगळ्या वायरी असलेली) लावा, मग नॉईज शून्य होतो, पॉवर चौपट होते, लेफ्ट-राईट पूर्ण वेगळे होतात, ड्रायव्हरवर, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरवर, पकड घट्ट बसते. स्टुडिओत सगळे हेच वापरतात. कुठल्याही हेडफोनला चालतं. बॅलन्स्ड ॲम्प घेतलात तर ॲडॅप्टर लावून जुना हेडफोनपण चालवा. आणि शेवटी, विश्वास नसेल तर स्वतःच्या कानांनी ऐका.

बॅलन्स्ड आउटपुटशी माझं काही वाकडं नाही, माझ्याकडच्या एका ॲम्पला ते आहे आणि मी वापरतोपण. पण त्याचा खरा म्हणावा असा फायदा एकच, जास्त व्होल्टेज, आणि तो येतो ॲम्पमधून. नुस्ती केबल बदलून त्यातलं काही येत नाही. हेडफोनच्या निम्म्या किमतीच्या केबली विकूलेत आणि आपली पोरं घेतायत, म्हणून एवढा खटाटोप.

"स्टुडिओत सगळे बॅलन्स्डच वापरतात"

मेसेजमध्ये हे नंतर येतं पण मी आधी घेतो, कारण सगळा घोटाळा इथनं सुरू होतो.

वापरतात की. आम्ही मंडपातपण वापरतो. स्टेजवरचा माईक आणि मागं मिक्सर, मध्ये ५०-६० मीटर मल्टिकोर (बऱ्याच माईकच्या लाईनी एकत्र नेणारी जाड केबल) पडलेला, त्याच्या शेजारनं जनरेटरची केबल गेलेली, वर लायटिंगवाल्याचे डिमर. माईकमधनं येणारा सिग्नल दोन-चार मिलिव्होल्टचा आणि मिक्सर तो हजार पटीपर्यंत वाढवणार, म्हणजे वाटेत जी घाण शिरेल तीपण हजार पट. म्हणून माईकच्या केबलच्या एक्सएलआर प्लगला तीन पिना असतात, १ नंबरला शिल्ड, २ आणि ३ ला सिग्नलच्या दोन वायरी, आणि त्या दोन्ही वायरींचा जमिनीशी असलेला इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) सारखा ठेवलेला असतो. सारखा असल्यामुळं बाहेरचा नॉईज दोन्हीवर सारखाच बसतो, आणि मिक्सरच्या इनपुटला जो डिफरन्शियल रिसीव्हर किंवा ट्रान्सफॉर्मर असतो तो एकातनं दुसरं वजा करतो. दोन्हीवर जे सारखं आहे ते उडालं, जे वेगळं आहे ते राहिलं. गंमत म्हणजे ३ नंबरच्या पिनवर उलटा सिग्नल असलाच पाहिजे असंही नाही, बरेच कंडेन्सर माईक २ वरच सिग्नल देतात आणि ३ ला फक्त तेवढाच इम्पिडन्स लावून सोडतात, तरी नॉईज उडतोच.

आता हेडफोनकडं या. तिथं केबलच्या टोकाला कसला रिसीव्हर? कॉईल आहे एक, दोन टोकांची. कॉईलला जमीन, अर्थ, ग्राउंड काही माहीत नसतं, तिच्या दोन टोकांमध्ये जेवढा फरक तेवढी ती हलते. ३.५ च्या जॅकवरपण फरकावरच हलते आणि ४.४ वरपण फरकावरच हलते. शिवाय कॉईलनंतर वाढवणारं काही नाही, सिग्नल आधीच वाढून आलेला असतो. म्हणजे माईकच्या लाईनला ज्या दुखण्यासाठी हे औषध काढलं ते दुखणंच हेडफोनच्या दीड मीटर वायरीला नाही.

आणि स्टुडिओत हेडफोन कशात खुपसतात ते बघितलंय काय मेसेज लिहिणाऱ्यानं? जवळजवळ सगळ्या ऑडिओ इंटरफेसवर (कॉम्प्युटरला माईक-हेडफोन जोडायचा डबा), मिक्सरवर साधा ६.३५ चा जॅक असतो, सिंगल एंडेड, म्हणजे बॅलन्स्ड नसलेला. तोच ६.३५ चा तीन कड्यांचा प्लग पॅचबेमध्ये (स्टुडिओतल्या लाईनी जोडायच्या पट्टीत) लावला की एका चॅनेलची बॅलन्स्ड लाईन होते, हेडफोनला लावला की दोन चॅनेलचा स्टिरिओ होतो. प्लग तोच. बॅलन्स्ड असणं प्लगमध्ये नसतंय हो, दोन्ही बाजूंच्या सर्किटमध्ये असतंय.

"नॉईज शून्य होतो"

ह्याचं गणितच मांडतो, कारण नुस्तं "नाही होत" म्हटलं की लोक म्हणतात तुमचे कान खराब.

समजा हेडफोनची वायर २३० व्होल्टच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीला चिकटून पडलीय आणि दोघींमध्ये १० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला. ५० हर्ट्झला ह्या १० पिकोफॅरडचा अडथळा होतो साधारण ३२ कोटी ओहम. म्हणजे मेनमधनं आपल्या वायरीत शिरणारा करंट ०.७ मायक्रोॲम्पियर. आता हा करंट काय त्रास देणार ते पलीकडचा इम्पिडन्स ठरवतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचा १० हजार ओहम धरा, तर तिथं ७ मिलिव्होल्टचं हमिंग उभं राहतं, स्पष्ट ऐकू येतं, गिटारवाल्यांना विचारा. डायनॅमिक माईकचा २०० ओहम, तर तिथं ०.१४ मिलिव्होल्ट, ऐकायला कमी वाटतं पण पुढं हजार पट वाढणार आहे म्हणून तिथं बॅलन्स्ड लाईन पाहिजेच. आणि हेडफोन ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहम. तिथं उभं राहतं ०.७ मायक्रोव्होल्ट. मिलि नाही, मायक्रो.

हे ०.७ मायक्रोव्होल्ट ऐकू येईल काय? १६ ओहमचा, १ मिलिवॅटला ११० डीबी देणारा इअरफोन घ्या, म्हणजे चांगलाच सेन्सिटिव्ह. ८५ डीबीच्या आवाजाला त्याला लागतात फक्त ७ मिलिव्होल्ट. त्याच्या दहा हजाराव्या भागाचा नॉईज म्हणजे ८० डीबी खाली, म्हणजे कानाशी ५ डीबी. ५० हर्ट्झचा आवाज माणसाला ऐकू यायलाच ४० डीबीच्या आसपास लागतात. झालं? ३.५ च्या केबलवर हा नॉईज आधीच शून्यासारखा आहे, तिथनं आणखी शून्य कुठलं करणार.

मग काही जणांना हमिंग, किर्रर्र आवाज खरंच येतो तो कुठनं येतो? येतो, मी नाही म्हणत नाही. तो हेडफोनच्या वायरीत शिरत नाही, ॲम्पच्या आधीच शिरून बसलेला असतो. लॅपटॉप एका प्लगला, टेबलावरचा ॲम्प दुसऱ्या प्लगला, मध्ये आरसीए केबल, आणि अर्थिंगचा लूप तयार. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची काय तऱ्हा असते ते लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात त्यावरनं कळतंच. बघायची पद्धत सोपी आहे, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा, आवाज गेला तर लूप आहे, हेडफोनला सोन्याची केबल लावली तरी तो जाणार नाही. तिथं ऑप्टिकल केबल लावा, किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारा डबा) आणि ॲम्प दोघांनाही एक्सएलआर असेल तर त्या दोघांच्या मधली जोडणी बॅलन्स्ड करा. ही बॅलन्स्डची अगदी योग्य जागा, कारण तिथं पलीकडं वजाबाकी करणारं इनपुट बसलेलं आहे.

"पॉवर चौपट"

ह्यात अर्ध्याहून जास्त खरं आहे, म्हणून जरा थांबतो.

बॅलन्स्ड हेडफोन ॲम्प म्हणजे आतून ब्रिज ॲम्प. एका चॅनेलला दोन ॲम्प, कॉईलच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि दुसऱ्याला सिग्नल उलटा दिलेला. एक २ व्होल्ट वर जातो तेव्हा दुसरा २ व्होल्ट खाली, कॉईलला दिसतात ४. व्होल्टेज दुप्पट म्हणजे तेवढ्याच लोडवर पॉवर चौपट. ह्यात नवीन काही नाही, गाडीतल्या जवळजवळ प्रत्येक स्टिरिओत हेच सर्किट आहे, कारण गाडीत बॅटरी एकच. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तर ४ ओहमच्या स्पीकरला साध्या पद्धतीनं साडेसहा वॉटच्या आसपास मिळतात, ब्रिज केलं की तेच २६ पर्यंत जातात. डोंगलचंपण (फोनच्या यूएसबीला लावायचा छोटा डॅक-ॲम्प) तसंच, यूएसबीचे ५ व्होल्ट, छोटी चिप, म्हणून बऱ्याच डोंगलवर ३.५ ला २ व्होल्ट आणि ४.४ ला ४ व्होल्ट लिहिलेलं असतं.

पण चौपट पॉवर म्हणजे चौपट आवाज नव्हे. चौपट पॉवर म्हणजे ६ डीबी. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायलाच १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर. आणि चौपट मिळायलापण ॲम्पकडं तेवढा करंट पाहिजे, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक ॲम्पला हेडफोनचे निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे करंट दुप्पट द्यावा लागतो. ३०० ओहमला सहज जमतं, १६ ओहमला चिप आधीच दमलेली असते, तिथं चौपट कागदावर राहतं.

बरं मिळाली पॉवर, लागते काय पण? सेनहायझरचा एचडी ६५० घ्या, ३०० ओहमचा, लोक ज्याला "ह्याला मोठा ॲम्प लागतो" म्हणून सांगतात तो. कंपनीच्याच आकड्याप्रमाणं १ व्होल्टला १०३ डीबी. २ व्होल्टला १०९. ४ व्होल्टला ११५. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेची जी शिफारस आहे त्यात ८५ डीबी आठ तास चालतं, पुढं दर ३ डीबीला वेळ निम्मा, १०० डीबीला पंधरा मिनिटं. म्हणजे ३.५ च्या २ व्होल्टवरच गाण्यातल्या ठोक्यांना, तबल्याच्या थापेला भरपूर जागा शिल्लक आहे. तो वरचा इअरफोन तर ७ मिलिव्होल्टवर ८५ डीबी देतो, त्याला ४ व्होल्ट कशाला की? व्होल्युमचा काटा पहिल्या दोन घरांतच खेळवत बसायचं.

ज्याला खरंच लागते तोही सांगतो. हायफायमॅनचा एचई-६, प्लॅनर (कॉईलऐवजी सपाट पडद्याचा ड्रायव्हर), ५० ओहमचा, सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ८३.५ डीबी. ११० डीबीच्या पीकसाठी त्याला जवळजवळ ४५० मिलिवॅट पाहिजेत, पावणेपाच व्होल्ट आणि शंभराच्या आसपास मिलिॲम्पियर. असला हेडफोन असेल तर डोंगल विसरा, मोठा ॲम्प घ्या, त्याचं चांगलं आउटपुट बॅलन्स्ड असेल तर बॅलन्स्ड वापरा, खुशाल. पण तेव्हासुद्धा स्पेसिफिकेशनमध्ये बघायचं ते तुमच्या हेडफोनच्या ओहमला किती मिलिवॅट हे, जॅकचा आकार नाही. सिंगल एंडेड ॲम्पपण ताकदीचे असतात. जेडीएस लॅब्सचा ॲटम ३२ ओहमला १ वॉट देतो, साध्या जॅकवरनं. त्याच्या आधी २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय ह्या टोपणनावाच्या माणसानं ओ२ नावाच्या ॲम्पचं डिझाईन नेटवर सगळ्यांसाठी टाकलं, दोन ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, तोही साध्या जॅकचा, आणि लोक आजपण तो घरी जोडतात.

एक गोष्ट मात्र मान्य. डोंगल आणि प्लेअरमध्ये कंपनीनं मेहनत ४.४ वर घेतलेली असते आणि ३.५ चा जॅक त्याच सर्किटचा अर्धा भाग वापरून उरकलेला असतो. असल्या डिव्हाईसवर ४.४ खरंच सरस निघू शकतं. तो त्या डिव्हाईसचा गुण. तीच केबल दुसऱ्या ठिकाणी लावून तो गुण येणार नाही.

डिस्टॉर्शन निम्मं होतं असंही मेसेजमध्ये कुठंतरी आहे. ब्रिजमध्ये दोन्ही बाजू अगदी सारख्या असतील तर सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीची भेसळ) एकमेकांना मारतात, विषम (तिप्पट, पाचपट) तसेच राहतात. बऱ्या ॲम्पचं डिस्टॉर्शन आधीच ०.००१ टक्क्याच्या आसपास, हेडफोनच्या ड्रायव्हरचं बेसमध्ये त्याच्या शंभर पट तरी सहज. पुढं.

"लेफ्ट-राईट पूर्ण वेगळे"

३.५ च्या जॅकला तीन कड्या, लेफ्ट, राईट आणि दोघांची परतीची वायर एक. त्या सामाईक भागात जो रेझिस्टन्स आहे त्याच्यामुळं एका बाजूचा थोडा सिग्नल दुसऱ्या बाजूला जातो, हे खरं. किती जातो? सामाईक रेझिस्टन्स ०.१ ओहम आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल तर ५० डीबी खाली. ३०० ओहमचा असेल तर ७० च्या जवळ. लाँगप्ले रेकॉर्डवर लेफ्ट-राईटमधलं अंतर २५-३० डीबीचं असायचं आणि त्या जमान्यात कुणी स्टिरिओ कमी पडला म्हणून तक्रार करत नव्हतं. स्पीकरवर ऐकताना तर डावा स्पीकर उजव्या कानाला ऐकू येतोच येतो, आणि गाण्याचं मिक्सिंगपण बहुतेक वेळा स्पीकर समोर ठेवून केलेलं असतं.

शिवाय दोन्ही कपांना वेगळी वायर जाते अशा हेडफोनमध्ये परतीच्या वायरी प्लगपर्यंत वेगळ्याच येऊ शकतात, सामाईक राहतो तो फक्त प्लगचा आणि जॅकचा कॉन्टॅक्ट.

ह्यावर एकानं मला कळवलं की बॅलन्स्ड केबलवर कुमार गंधर्वांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला स्वच्छ सुटतो. कुमारजी आपले, बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले, त्यांच्याबद्दल मला कमी प्रेम नाही. पण त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो आहेत हो. लेफ्टला आणि राईटला एकच सिग्नल आहे. त्यात वेगळं करायला काहीच नाही, ५० डीबी घ्या नाहीतर ५०० घ्या. जे सुटलं ते कानांच्या मध्ये सुटलं.

"ड्रायव्हरवर घट्ट पकड"

उलटं आहे. पकड म्हणजे डॅम्पिंग, ती ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स जेवढा कमी तेवढी जास्त. ब्रिजमध्ये दोन ॲम्प मालिकेत येतात, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स दुप्पट. ३०० ओहमच्या हेडफोनला १ चा २ झाला तरी काही फरक पडत नाही, पण मल्टी-बीए (आत बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे बरेच छोटे ड्रायव्हर असलेल्या) इअरफोनला पडतो. ज्याचा इम्पिडन्स एका फ्रिक्वेन्सीला ८ आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला ४० ओहम आहे असा इअरफोन १ ओहमच्या आउटपुटवर ०.८ डीबीनं वाकतो आणि २ ओहमवर दीड डीबीनं. दीड डीबी ऐकू येतो. लोक त्यालाच "बॅलन्स्डवर टोन बदलला" म्हणतात, बदललाच की, कंपनीनं ट्यून केलेल्या आवाजापासून लांब गेला.

हिसपण वाढतो. दोन ॲम्पचा नॉईज मिळून ३ डीबी जास्त, आणि सेन्सिटिव्ह इअरफोनवर रात्री गाणं थांबलं की तो सूं आवाज कळतो. सिग्नल ६ डीबीनं वाढतो म्हणून कागदावर सिग्नल-टू-नॉईज ३ डीबीनं सुधारलेला दिसतो, पण तो फुल व्होल्टेजवर. तुम्ही तेवढ्याच आवाजात ऐकणार असाल तर तुमच्या वाट्याला फक्त वाढलेला हिस.

"कुठल्याही हेडफोनला चालतं", आणि तो ॲडॅप्टर

चालत नाही. चार वायरी ड्रायव्हरपर्यंत वेगळ्या पाहिजेत. एचडी ६५० ला दोन्ही कपांना वेगळी दोन पिनांची केबल आहे, तिथं जमतं, नुस्ती केबल बदला. ऑडिओ टेक्निकाचा एम५०एक्स एकाच कपातनं वायर घेतो, तीन कड्यांच्या सॉकेटमधनं, आणि ग्राउंड आतच एक केलेलं असतं. त्याला बाहेरनं कुठलीही केबल लावून काही होणार नाही, आतली वायरिंग तोडून नवीन सॉकेट बसवावं लागतं. आणि फोनच्या हँड्सफ्रीचा चार कड्यांचा ३.५ प्लग बघून "हे बॅलन्स्ड आहे" म्हणूलेत काही जण, ती चौथी कडी माईकची.

आता ॲडॅप्टर. बाकी सगळं सोडून दिलं तरी चालेल, हे वाचा, कारण इथं पैसे जळतात.

दोन प्रकारचे ॲडॅप्टर मिळतात आणि दिसायला भाऊ-भाऊ. एक, हेडफोनला ४.४ ची केबल आहे आणि ॲम्पला ३.५ चा जॅक. हा चालतो, लेफ्टची मायनस (परतीची वायर) आणि राईटची मायनस ॲडॅप्टरमध्ये एक होतात आणि ग्राउंडला जातात, काही बिघडत नाही. दुसरा, ॲम्पला ४.४ चं आउटपुट आहे आणि तुम्ही त्यात साधा ३.५ चा हेडफोन खुपसायला बघताय. मेसेज हाच घ्या म्हणून सांगतो. ह्यात हेडफोनच्या प्लगमध्ये दोन्ही मायनस एक झालेल्या असतात, पण बॅलन्स्ड ॲम्पमध्ये मायनस म्हणजे ग्राउंड नाही, ती स्वतः चालू ॲम्पची आउटपुट आहे. लेफ्टच्या ॲम्पची आउटपुट राईटच्या ॲम्पच्या आउटपुटवर थेट शॉर्ट. डाव्या-उजव्या सिग्नलमध्ये फरक पडला की दोघं एकमेकांत करंट ओतत बसतात. काही ॲम्पमध्ये प्रोटेक्शन असतं, सगळ्यांत नसतं. गाडीचं वायरिंग करणारा कुठलाही माणूस सांगेल, स्पीकरची मायनस बॉडीला लावायची नाही. अगदी त्याच कारणानं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या वर्कशॉपवाल्यांसाठी जाता जाता, बॅलन्स्ड आउटपुटच्या मायनसला ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप लावू नका, तीपण अर्थला शॉर्टच.

४.४ ची एक बाजू मात्र मी घेणार. प्लग म्हणून तो चांगला आहे. २०१४ साली अस्टेल अँड कर्ननं एके२४० ह्या प्लेअरमध्ये २.५ चा चार कड्यांचा जॅक आणला तो काडीसारखा, वाकून तुटायचा. ४.४ जपानच्या जेईआयटीए ह्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांच्या संघटनेच्या स्टँडर्डमध्ये आला आणि सोनीनं २०१६ च्या डब्ल्यूएम१ए आणि डब्ल्यूएम१झेड ह्या वॉकमनमध्ये घातला, पाच कॉन्टॅक्टचा, जाडजूड, नीट बसतो. खिशात प्लेअर घालून फिरणाऱ्याला एवढं कारणपण पुरे. पण मग तसं म्हणा, "मजबूत आहे म्हणून घेतला", आवाज चौपट कशाला करताय.

"स्वतःच्या कानांनी ऐका"

हे मला पूर्ण मान्य, फक्त नीट ऐका. ४.४ ला लावलं की आवाज ६ डीबीनं मोठा होतो, व्होल्युम तिथंच ठेवून अदलाबदल केली तर मोठा आवाज चांगलाच वाटणार, अर्ध्या डीबीचा फरकसुद्धा मोठा म्हणून कळत नाही, "जास्त स्वच्छ" म्हणून कळतो. दुकानात डेमो असाच देतात.

बॅलन्स्ड केबल तीच ठेवा, म्हणजे केबलचा वाद संपला. एकदा सरळ ४.४ मध्ये लावा आणि एकदा तो वर सांगितलेला पहिल्या प्रकारचा, बिनधोक ॲडॅप्टर लावून ३.५ मध्ये. हेडफोन जोडलेला असताना १०० हर्ट्झचा टोन वाजवून दोन्हीकडचं व्होल्टेज मीटरवर सारखं करा, बॅलन्स्डला लेफ्ट प्लस आणि लेफ्ट मायनसच्या मध्ये मोजायचं. फरक एका टक्क्याच्या आत आला पाहिजे. साध्या पिवळ्या मीटरवर हे जमणार नाही, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची असते, एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर कुणाकडनं तरी मागून आणा. मग तुम्ही पाठ करून बसा आणि बायकोला, भावाला, कुणालाही सांगा की मनाला येईल तसं बदल आणि कागदावर लिहून ठेव, प्रत्येक वेळी काढून पुन्हा घाल, बदललं नाहीस तरी, म्हणजे खटक्यावरनं कळायला नको. तुम्ही तुमचं वेगळ्या कागदावर लिहा. वीसेक वेळा केलंत तर पुरे, आणि दोन्ही कागदांचा फोटो टाका ग्रुपवर, त्या मेसेजच्या खालीच.